कर्मवीर दादासाहेब गायकवाड : खेड्यापाड्यांत कार्यकर्ते उभे करणारा नेता



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की बाबासाहेबांवर लेख येतातच, आणि ते आलेच पाहिजेत. परंतु बाबासाहेबांचा शब्द ज्यांनी गावकुसाबाहेरच्या झोपडीपर्यंत नेला, त्यांच्याविषयी आपल्या तरुण पोरांना फारसं ठाऊक नसतं. त्यांत पहिलं नाव येतं ते कर्मवीर भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांचं.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. घर महाराचं, गाव खेडं. मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. अंगात धोतर, बोलणं खेड्यातल्या माणसासारखं साधं. पण कोणत्या गावात कोण माणूस भरवशाचा, कोण शब्दाला पक्का, कोण नुसताच बोलघेवडा, याची पारख त्यांना होती. हीच त्यांची खरी विद्या, असं आम्ही समजतो.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा संगर झाला आणि साऱ्या अस्पृश्य समाजात चैतन्य आलं. त्यानंतर नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह करायचं ठरलं. सत्याग्रह समितीचे चिटणीस झाले दादासाहेब. वय किती? अवघं सत्तावीस! २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जी मिरवणूक निघाली, तिच्यात सुमारे पंधरा हजार माणूस होता. मंदिराचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाज्यांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. स्त्रियांचा हा आकडा वाचकांनी विसरू नये. ज्या काळात आमच्या आयाबहिणींना गावच्या पाणवठ्यावर उभं राहता येत नव्हतं, त्या काळात त्या पोलिसांच्या पहाऱ्यासमोर मांडी घालून बसल्या.

आता खरी गोष्ट इथं आहे. एक दिवसाचा मोर्चा कोणीही काढील. हा सत्याग्रह मधूनमधून थांबत, पुन्हा सुरू होत, जवळजवळ पाच वर्षं चालला. त्यातला बराच काळ बाबासाहेब नाशकात नव्हतेच. ऑक्टोबर १९३० मध्ये ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला रवाना झाले. मग इकडचं काम कोणी चालवलं? दादासाहेबांनी, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी, आणि नाव न छापलेल्या शेकडो स्वयंसेवकांनी. एक तुकडी तुरुंगात गेली की दुसरी तयार पाहिजे. आलेल्या माणसाच्या भाकरीची, झोपण्याची सोय पाहिजे, वर्गणीचा हिशेब चोख पाहिजे, आणि अंगावर दगड आला तरी हात उगारायचा नाही ही शिस्त पाहिजे. आम्हा गिरणी कामगारांना हे लगेच समजतं. जॉबर जाग्यावर नसला तरी साचे चालू राहिले, तर समजावं की खात्याला वळण चांगलं आहे.

या लढ्याची किंमत खेड्यांनी मोजली. नाशिक जिल्ह्यात गावोगाव आपल्या लोकांचे रस्ते अडवले गेले, मुलांना शाळा बंद झाल्या, दुकानदार मीठमिरची देईनात. अशा वेळी शहरातलं भाषण कामी येत नाही. गावातच एखादा माणूस ठाम उभा असावा लागतो. अशी माणसं तयार करण्यात जलशांचाही मोठा वाटा होता. भीमराव कर्डक यांचा नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा याच काळातला. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्याला जलशाच्या बोर्डावर सत्याग्रह कळला. दिवसभर राबून रात्री डफ हातात घेणारी ती पोरं, तेही कार्यकर्तेच.

१९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्राने कळविलं की आता मंदिर सत्याग्रह पुढे चालवू नये, समाजाची शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे लावावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. सत्याग्रह संपला. पण पाच वर्षांत तयार झालेली माणसं कुठं गेली नाहीत. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात गेले, ते अशाच माणसांच्या बळावर. महारवतनाची गुलामगिरी म्हणजे रात्रंदिवस गावाची वेठ, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा व उष्टं बलुतं. त्याविरुद्धच्या लढ्यातही तेच अग्रभागी होते.

दादासाहेबांची एक सवय आमच्या मनात फार भरते. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं त्यांनी जिवापाड जपली. म्हणून ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली आणि आज आपल्याला वाचायला मिळतात. किती विहारांत जुन्या सभांची नोंदवही, वर्गणीचं पुस्तक शाबूत आहे? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, पण लवकरच त्यात फूट पडली. एक गट दुरुस्त, दुसरा नादुरुस्त. दादासाहेबांच्या बाजूला अडाणी, धोतरवाले म्हणून हिणवलं गेलं. शिकलेला विरुद्ध न शिकलेला असा हा वाद समाजाला फार महागात पडला. कायद्याचं ज्ञान पाहिजेच, बाबासाहेबांनीच ते शिकवलं. पण ज्याच्या पायाला चिखल लागलेला नाही, त्याला भूमिहीनाचं दुखणं कुठून कळणार? दोघांनी एकमेकांचा हात धरायला हवा होता.

दादासाहेब मात्र जमिनीचा प्रश्न धरून बसले. १९५७ ते १९६२ ते नाशिकमधून लोकसभेत होते, पुढे १९६८ पर्यंत राज्यसभेत. पण त्यांचा जीव दिल्लीत रमला नाही. १९५९ मध्ये त्यांनी नाशिक, नगर, खानदेश, मराठवाडा या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह केला. मागणी अशी की सरकारी पडीक जमीन राबणाऱ्याला द्या, मग तो कुठल्याही जातीचा असो. पुढे १ ऑक्टोबर १९६४ रोजी संसदेवर मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. साऱ्या देशातून तीन लाखांवर लोकांनी अटक करून घेतली, असा आकडा चळवळीत सांगितला जातो. बाया कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. काळारामच्या दरवाज्यात बसलेल्यांची मुलं आणि नातवंडं आता कसायला जमीन मागत होती.

सगळं मिळालं का? नाही. काही ठिकाणी पडीक जमिनीचे पट्टे मिळाले, पुष्कळ ठिकाणी नुसतं आश्वासन मिळालं. त्या सनदेत बौद्धांना सवलती द्या आणि बाबासाहेबांचं तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, याही मागण्या होत्या. दोन्ही पूर्ण व्हायला १९९० साल उजाडलं. तोवर दादासाहेब नव्हते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्धांना जमीन देणारी योजना त्यांच्या नावाने काढली. नाव दिलं, चांगलं केलं. पण अर्ज कुठं करायचा, सातबारा कसा वाचायचा, तलाठ्यापुढे कसं बोलायचं, हे गावातल्या विधवा बाईला कोण सांगणार? तिथं कार्यकर्ताच लागतो.

म्हणून विहाराच्या तरुणांना आमचं कळकळीचं सांगणं आहे. चौदा एप्रिलला मिरवणूक जरूर काढा. पण वर्षाचे बाकीचे दिवसही विहार उघडा ठेवा. आपल्यातल्या पुष्कळांचं गाव अजून सुटलेलं नाही. सुट्टीत गावी गेलात की दोन पोरांना हाताशी धरा, एकाला हिशेब लिहायला शिकवा, एकीला सभेत बोलायला उभी करा. वडीलधाऱ्यांनीही खुर्ची धरून बसू नये. आपण नसताना काम चालेल अशी माणसं मागे ठेवणं, हेच दादासाहेबांचं खरं स्मारक आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!