कैदी क्रमांक 1441

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील अल्काट्राझ बेटावर 1934 पासून 1963 पर्यंत अमेरिकेच्या संघसरकारचा एक तुरुंग होता. तो बंद होऊन सहा दशके उलटली, तरी त्याचे नाव अद्याप लोकांच्या तोंडी आहे. मे 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी तो पुन्हा उभारून चालू करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा अभेद्य कारागृहाचा मोह राज्यकर्त्यांना सुटत नाही हेच पुन्हा दिसून आले. ज्या माणसाने त्या अभेद्यतेचा भ्रम एका रात्रीत फोडला, त्या फ्रँक ली मॉरिसचे चरित्र ह्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. मॉरिस बँक लुटणारा दरोडेखोर होता. दरोडेखोरांची स्तोत्रे गाण्याचा आम्हांस सोस नाही. परंतु गुन्हेगाराचे आयुष्य हा समाजाने स्वतःचा हिशेब तपासून पाहण्याचा एक कागद असतो, आणि तो कागद कितीही मळका असला तरी वाचल्यावाचून चालत नाही.

मॉरिसचा जन्म 1 सप्टेंबर 1926 रोजी वॉशिंग्टन येथे झाला. महासत्तेच्या राजधानीत जन्मलेल्या ह्या मुलाला घर मात्र लाभले नाही. आईबापांनी त्याला टाकले आणि अकराव्या वर्षी तो पुरता पोरका झाला. त्याचे बालपण परक्यांच्या घरी गेले. आज ह्या कुटुंबात, तर उद्या त्या, अशा स्थितीत वाढणाऱ्या मुलाला कोणाचा धाक वाटावा आणि कोणाची ओढ? तेराव्या वर्षी त्याच्यावर पहिला गुन्हा शाबीत झाला. विशीच्या आत मादक द्रव्ये बाळगण्यापासून सशस्त्र दरोड्यापर्यंतच्या आरोपांची त्याच्या नावावर नोंद झाली होती. फ्लोरिडा आणि जॉर्जिया ह्या राज्यांतील तुरुंगांचे अन्न त्याने खाल्ले. पुढे बँक लुटल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा होऊन तो लुइझियाना राज्याच्या अंगोला येथील तुरुंगात गेला आणि तेथून पळाला. वर्षभराने एका घरफोडीत तो पुन्हा हाती लागला. जो कोठेच टिकत नाही त्याला ठेवण्यासाठी सरकारपाशी एकच जागा उरली होती. जानेवारी 1960 मध्ये त्याला अल्काट्राझला आणण्यात आले आणि कैदी क्रमांक 1441 ही त्याची ओळख ठरली. तुरुंगाच्या दप्तरात त्याचा बुद्ध्यंक 133 नोंदलेला आहे. एवढी बुद्धी शंभरांत दोघांनाही लाभत नाही. तिचा उपयोग करून घेणारी शाळा मात्र त्याला भेटली नाही.

अल्काट्राझ हे साधे कारागृह नव्हते. इतर तुरुंगांतून जे आवरत नसत, त्यांना येथे धाडीत. किनारा केवळ दोन किलोमीटरांवर, शहराचे दिवे कैद्यांना डोळ्यांनी दिसत. पण मध्ये दहाबारा अंश उष्णतेचे थंडगार पाणी आणि गोल्डन गेटच्या खिंडीतून महासागराकडे खेचणारे प्रवाह. येथून कोणी जिवंत सुटत नाही अशी ख्याती सरकारने मोठ्या प्रेमाने जोपासली होती. एकोणतीस वर्षांत 36 कैद्यांनी मिळून पलायनाचे 14 प्रयत्न केले. त्यांतील बहुतेक पकडले गेले, काही गोळीने मेले, काही बुडाले.

परंतु समुद्राची खारी हवा जसे कैद्यांना झिजवीत होती, तसे तुरुंगाच्या भिंतींनाही झिजवीत होती. हे ज्यांच्या ध्यानात आले ते चौघे शेजारशेजारच्या कोठड्यांत राहत होते: मॉरिस, जॉन आणि क्लॅरेन्स अँग्लिन हे दोघे बंधू आणि ॲलन वेस्ट. अँग्लिन बंधू शेतमजुराच्या मोठ्या कुटुंबातले. 1958 मध्ये अलाबामातील एक बँक लुटल्याबद्दल ते शिक्षा भोगीत होते. डिसेंबर 1961 पासून ह्या चौघांनी काम आरंभिले. कोठडीच्या मागच्या भिंतीत, बेसिनच्या खाली, हवेसाठी एक लहान जाळी होती. तिच्याभोवतीचे ओलीने भुसभुशीत झालेले काँक्रीट त्यांनी भोजनगृहातून चोरलेल्या चमच्यांनी कोरले. व्हॅक्युम क्लीनरची मोटर मिळवून तिचे गिरमिट बनविले. संध्याकाळी कैद्यांना वाद्ये वाजविण्याची मुभा असे. त्या गोंगाटात कोरण्याचा आवाज बुडून जाई. भिंतीमागे नळांची अरुंद बोळ होती. तिच्यातून वर चढून कोठड्यांच्या माथ्यावर त्यांनी आपला गुप्त कारखाना थाटला. पन्नासाहून अधिक रेनकोट जमवून, त्यांचे सांधे वाफेच्या नळांच्या उष्णतेने चिकटवून, त्यांनी सुमारे चौदा फूट लांबीचा तराफा आणि तरंगण्याची जाकिटे तयार केली. तराफ्यात हवा भरण्यासाठी काँसर्टिना ह्या वाद्याचा भाता उपयोगी आणला. पहारेकरी रात्री पुनःपुन्हा कैदी मोजीत. त्यांच्यासाठी साबण, कागद आणि काँक्रीटच्या भुकटीची मुंडकी घडविली, त्यांना रंग दिला आणि न्हाव्याच्या दुकानातून उचललेले खरे केसही लावले.

11 जून 1962 च्या रात्री ही मुंडकी उशीवर ठेवून तिघे बाहेर पडले. वेस्टला आपल्या भिंतीतले भोक वेळेत मोठे करता आले नाही. तो बाहेर आला तेव्हा सोबती निघून गेले होते आणि त्याला मुकाट्याने कोठडीत परतावे लागले. बाकीचे तिघे छपरावरच्या वायुवीजनाच्या झरोक्यातून वर आले, नळाला धरून खाली उतरले, काटेरी तारांची कुंपणे ओलांडून बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर गेले आणि अंधारात नाहीसे झाले. सकाळी पहारेकऱ्याने झोपलेल्या कैद्याला हलविले, तेव्हा मुंडके घरंगळत जमिनीवर पडले.

त्यानंतर जो शोध झाला, त्यात काय काय हाती आले? एंजल बेटाजवळ एक वल्हे मिळाले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एक पाकीट मिळाले, त्यात अँग्लिनांच्या आप्तांची छायाचित्रे होती. रेनकोटाच्या चिंध्या आणि एक जाकीट सापडले. माणूस मात्र सापडला नाही, जिवंतही नाही आणि मृतही नाही. एंजल बेट गाठून पुढे मुख्य भूमीवर जायचे आणि तेथे मोटार व कपडे चोरायचे, असा बेत वेस्टने तपासात सांगितला होता. तशा चोरीची नोंद तपास करणाऱ्यांना आढळली नाही. सतरा वर्षे चौकशी करून संघीय गुप्तचर खात्याने 31 डिसेंबर 1979 रोजी, ते तिघे बुडाले असावेत, असा कौल देऊन दप्तर बांधले. हा कौल खरा असेल, तर मॉरिस छत्तिसाव्या वर्षात असतानाच मेला. संघसरकारच्या मार्शल खात्याने मात्र प्रकरण मिटविले नाही. 2022 मध्येही ह्या खात्याने तिघांची, म्हातारपणी ते कसे दिसतील अशी, कल्पित छायाचित्रे प्रसृत केली. एकाच सरकारच्या एका खात्याने ज्याला जलसमाधी दिली, त्याला दुसऱ्याने साठ वर्षांनंतरही वॉरंट बजावण्यासाठी जिवंत ठेवावे, ह्यात विनोद आहे. पण त्याहून अधिक प्रांजळपणा आहे. पुरावा नसेल तेथे सरकारनेही निकाल राखून ठेवावा हेच योग्य.

बुडणे अटळ होते असेही म्हणता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात जॉन पॉल स्कॉट हा दुसरा कैदी पोहत गोल्डन गेट पुलाच्या पायथ्यापर्यंत पोहोचला. थंडीने अर्धमेला झालेला तो पकडला गेला, पण पोहोचला खरा. 2014 मध्ये डच शास्त्रज्ञांनी त्या रात्रीच्या भरतीओहोटीचे गणित मांडून, मध्यरात्रीच्या थोडे आधी निघालेला तराफा पुलाच्या उत्तरेकडील किनाऱ्याला लागणे शक्य होते, असे दाखविले. शक्य होते, एवढेच. घडले, असे नव्हे.

लोकांना मात्र निवाडा हवा असतो आणि तो पळालेल्याच्या बाजूचा हवा असतो. 1979 मध्ये क्लिंट ईस्टवूडने चित्रपटात मॉरिसची भूमिका केली आणि जगभरच्या प्रेक्षकांनी मनोमन त्या तराफ्याला वारा घातला. ह्या सहानुभूतीचे आम्हांस नवल वाटत नाही. ऑफिस, लोकल आणि घर ह्या रहाटात फिरणाऱ्या सभ्य माणसालाही भिंत कोरणाऱ्याचा हेवा वाटतो. परंतु त्या हेव्यापोटी एक गोष्ट विसरली जाते. बँक लुटली जाते तेव्हा गजाआड एक पगारदार कारकून बसलेला असतो. रोखलेले शस्त्र त्याने पाहिलेले असते आणि त्या रात्री त्याला झोप लागत नाही. त्याच्यावर कोणी चित्रपट काढीत नाही. मॉरिसची चिकाटी अजोड होती. ती चांगल्या कामी लागली नाही, हेही तितकेच खरे आहे.

मग दोष कोणाचा? पोरका होणारा प्रत्येक मुलगा दरोडेखोर होत नाही, हे आम्ही जाणतो आणि मॉरिसची जबाबदारी आम्ही त्याच्याच पदरात घालतो. तथापि एका हिशेबाकडे वाचकांचे लक्ष वेधल्यावाचून आमच्याने राहवत नाही. 1959 मध्ये अल्काट्राझच्या एका कैद्यावर सरकारचा रोजचा खर्च 10 डॉलर 10 सेंट होता. अटलांटाच्या तुरुंगात तो 3 डॉलर होता. पिण्याच्या पाण्यापासून सारे काही होडीने न्यावे लागे. आठवड्याला सुमारे दहा लाख गॅलन पाणीच वाहून न्यावे लागे. ह्या खर्चाला आणि भिंतींच्या दुरुस्तीला कंटाळून सरकारने 21 मार्च 1963 रोजी तुरुंगाला टाळे लावले. म्हणजे अकरा वर्षांच्या पोराला एक कायमचे घर देणे ज्या व्यवस्थेला साधले नाही, तीच व्यवस्था तेहतिसाव्या वर्षी त्याला एक कोठडी देण्यासाठी तिप्पट खर्च सोसावयास सिद्ध होती! आणि एवढे करून तिच्या हाती काय उरले? साबणाचे एक मुंडके.

अमेरिकेने अल्काट्राझ पुन्हा बांधावे की न बांधावे, हे त्या देशाने ठरवावे. आमचा प्रश्न घरचा आहे. रेल्वेच्या फलाटांवर झोपणारी पोरे आमच्याही शहरांत आहेत. बालगृहांसाठी पैसा मागितला की तिजोरीत खडखडाट असतो आणि तुरुंग वाढविण्याची वेळ आली की तीच तिजोरी उघडते, असा अनुभव आमच्याकडे येणार नाही, ह्याची दक्षता आजच घ्यावयास हवी. ती घेतली नाही, तर उद्या कितीही उंच भिंती बांधल्या तरी त्या कोरणारे चमचे आपणच पुरवीत राहू. मॉरिस त्या रात्री बुडाला की तरला, हे बहुधा कोणालाच कधी कळणार नाही. तेराव्या वर्षी न्यायाधीशापुढे उभा असताना तो बुडत होता, हे मात्र तेव्हाही दिसण्यासारखे होते.