डोंगर, मैदान आणि डॉ. घुर्ये

आपल्या बेलापूरची प्रवरा अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात उगम पावते. डोंगरातला समाज निराळा आणि मैदानातला निराळा, ही समजूत नदीला ठाऊक नाही. तिला शास्त्राचे रूप आले ते इंग्रजी अमदानीत. गोऱ्या अधिकाऱ्यांनी मैदानात जाती पाहिल्या, डोंगरात आदिम टोळ्या पाहिल्या. शिरगणतीत डोंगरी लोकांच्या धर्माला वेगळा रकाना मिळाला. १९३५ च्या कायद्याने काही डोंगरी मुलूख सर्वसाधारण कारभारातून वगळले गेले. हीच वाटणी पुढे समाजशास्त्राच्या ग्रंथांतही उतरली.

तिला आव्हान देणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणला जन्मले. मूळचे ते संस्कृतचे विद्यार्थी. केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे संशोधन करून परतल्यावर १९२४ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे विभागप्रमुख झाले व १९५९ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी.

मध्य प्रांतातील बैगांसाठी बाहेरच्यांपासून सुरक्षित असा प्रदेश राखावा, असे व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली सुचवले होते. १९४३ च्या आपल्या ग्रंथात घुर्यांनी त्याला विरोध केला. डोंगर आणि मैदान यांच्यात देवधर्माची, शेतीची देवघेव फार पूर्वीपासून चालत आली आहे. डोंगरी लोकांचे हाल शेजारामुळे झाले नाहीत, तर मुख्यतः इंग्रजी जमीन-महसुलाच्या कायद्यांमुळे झाले, असे त्यांनी मांडले. १९५७ साली त्यांनी महादेव कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ही जमात आपल्याच जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगरांत राहते.

घुर्यांनी इंग्रजांची रेघ पुसली, हे त्यांचे मोठे ऋण आहे. पण डोंगरातल्या माणसाला त्यांनी मागासलेला हिंदू हे नाव दिले. म्हणजे माप पुन्हा मैदानाचेच राहिले. स्वतःला काय म्हणवून घ्यायचे, हे त्या माणसाने ठरवायचे होते.

२८ डिसेंबर १९८३ रोजी घुर्ये निवर्तले. त्यांचा प्रश्न मात्र आपल्या दारातून वाहतो आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. तेव्हापासून पाणी डोंगरात अडते आणि ऊस खाली आपल्याकडे पिकतो. डोंगर आणि मैदान मिळून एकच समाज आहे असे म्हणायचे, तर या पाण्याचा हिशेबही एकाच वहीत मांडायला हवा. समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या पिढीने तो मांडावा.