उत्कंठेचे शिल्पकार आल्फ्रेड हिचकॉक

चित्रपटाच्या धंद्यातील मनुष्य चरित्रलेखनाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका घेणारी वडीलधारी मंडळी आपल्यांत अद्याप आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही यंदा आल्फ्रेड हिचकॉक यांचा परिचय वाचकांस करून देत आहोत. भाजी विकणाऱ्याच्या या मुलाने पन्नासांहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले आणि भीतीसारख्या आदिम भावनेला शास्त्राची शिस्त लावली.

लंडनच्या पूर्वेकडील लेटनस्टोन येथे १३ ऑगस्ट १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील विल्यम भाजीपाला व कोंबड्या विकीत. घराणे कॅथलिक पंथाचे. आल्फ्रेड पाचसहा वर्षांचे असताना कसल्याशा खोडीवरून वडिलांनी हाती चिठ्ठी देऊन त्यांस पोलीस ठाण्यावर धाडले, आणि तेथील अधिकाऱ्याने ती वाचून त्यांना काही मिनिटे कोठडीत कोंडले, अशी हकिकत ते जन्मभर सांगत. सांगताना तपशिलात फेरफार होई खरा. परंतु पोलिसांचे भय त्यांच्या मनात कायमचे घर करून राहिले. न केलेल्या गुन्ह्यापायी रानोमाळ धावणारा निरपराध मनुष्य त्यांच्या चित्रपटांत पुनःपुन्हा भेटतो, त्याचे मूळ येथेच शोधावे लागते. पुढे जेझुइट पाद्र्यांच्या सेंट इग्नेशियस शाळेत, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, छडी खावयाची झाल्यास ती दिवसाच्या कोणत्या वेळी खावी हे विद्यार्थ्यानेच ठरवावयाचे असे. मुलगा साहजिकच ती संध्याकाळवर ढकली आणि सारा दिवस तिच्या धाकात काढी. छडीपेक्षा छडीची वाट पाहणे अधिक जाचक असते, हे त्यांना शाळेतच कळून चुकले होते.

१९१४ साली वडील वारले. आल्फ्रेड तारायंत्राच्या केबली बनविणाऱ्या हेन्ली कंपनीत नोकरीस लागले व कालांतराने तिच्या जाहिरात खात्यात चित्रे काढू लागले. लंडनमधील इस्लिंग्टन येथे एका अमेरिकन कंपनीने स्टुडिओ उघडला, तेव्हा मूकपटांतील मजकुराच्या पाट्या रेखाटण्याचे काम त्यांनी मिळविले. याच स्टुडिओत अल्मा रेव्हिल नावाची तरुणी संकलनाचे काम करीत असे. ती त्यांच्याहून एका दिवसाने लहान, परंतु धंद्यात त्यांच्याहून जुनी व मानाने वरची. आपण तिच्या बरोबरीस येईपर्यंत हिचकॉक तिच्याशी बोललेदेखील नाहीत असे सांगतात. २ डिसेंबर १९२६ रोजी उभयतांचा विवाह झाला.

दरम्यान जर्मनीत मुर्नाव या थोर दिग्दर्शकाचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. शब्दांवाचून, केवळ चित्राने कथा कशी सांगावी, ही विद्या त्यांनी तेथून उचलली. १९२७ सालच्या 'द लॉजर' या मूकपटाने त्यांचे नाव झाले. १९२९ साली 'ब्लॅकमेल' हा बोलपट निघाला. त्यात हातून खून घडलेली तरुणी न्याहारीस बसली आहे, शेजारीण बडबडत आहे, आणि त्या अस्पष्ट होत जाणाऱ्या बडबडीतून सुरी एवढाच शब्द तिच्या कानांवर आदळत राहतो. बोलपट नुकता जन्मला असता ध्वनीचा असा उपयोग सुचावा याचे आम्हांस आजही नवल वाटते. १९३५ सालचा 'द थर्टीनाइन स्टेप्स' आणि १९३८ सालचा 'द लेडी व्हॅनिशेस' यांनी त्यांची कीर्ती सागरापार नेली व १९३९ साली ते सहकुटुंब अमेरिकेस गेले.

त्यांच्या कलेचे मर्म त्यांनी स्वतःच एका दृष्टांताने उलगडून दाखविले आहे. दोन माणसे मेजाशी बसून गप्पा मारीत आहेत आणि एकाएकी मेजाखालील बाँब फुटतो. प्रेक्षक दचकतो, परंतु ते दचकणे काही क्षणांचे. याउलट तो बाँब एक वाजता फुटणार हे प्रेक्षकास आधीच दाखविले आणि भिंतीवरील घड्याळात पाऊण झाला असेल, तर त्याच निरर्थक गप्पा ऐकताना प्रेक्षक पंधरा मिनिटे तळमळत राहतो. पहिला तो धक्का. दुसरी ती उत्कंठा. आपल्याकडील कीर्तनाच्या श्रोत्यांस हे नवे वाटू नये. हरिश्चंद्राचे आख्यान कसे संपणार हे सर्वांस ठाऊक असते, तरी तारामतीवर शस्त्र उगारले जाताच सभा श्वास रोखून बसते. १९३६ सालच्या 'सॅबोटाज'मध्ये बाँबची पेटी घेऊन निघालेल्या अजाण मुलास त्यांनी खरोखरच मरू दिले, आणि एवढा वेळ ताणलेल्या प्रेक्षकाची सुटका न केल्याची चूक पुढे स्वतः कबूल केली.

१९६० सालचा 'सायको' काढताना त्यांची साठी उलटली होती. पॅरामाउंट कंपनीस विषय पसंत नव्हता. तेव्हा त्यांनी आपले मानधन सोडून नफ्यात भागी घेतली, दूरचित्रवाणीच्या कामातील आपली माणसे घेतली आणि सुमारे आठ लाख डॉलरांत कृष्णधवल चित्रपट पुरा केला. त्यातील स्नानगृहातील खुनाचे दृश्य पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट चालते. त्याच्या चित्रीकरणास सात दिवस लागले. रक्त म्हणून वापरले ते चॉकलेटचे पाक. या दृश्यास संगीत नको असा हिचकॉक यांचा आग्रह होता. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी तो न मानता व्हायोलिनांचे किंचाळणे रचून ऐकविले, आणि हिचकॉक यांनी आपला हट्ट तत्काळ सोडला. मृत नायिकेच्या गळ्याची किंचित हालचाल होते ही गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटली, ती अखेरच्या पाहणीत अल्माबाईंनी पकडली, असेही सांगतात. एवढे खरे की, पतीचे चित्रपट घडविताना त्यांचा शब्द शेवटचा असे. जाहिरातीच्या फलकांवर मात्र एकट्या हिचकॉक यांचे नाव व जाडजूड आकृती झळके.

आता एक अप्रिय गोष्ट. तिची वाच्यता केल्याविना हे चरित्र प्रामाणिक ठरणार नाही. १९६३ सालच्या 'द बर्ड्‌स'मधील एका प्रसंगासाठी नायिका टिपी हेड्रन हिच्या अंगावर सलग पाच दिवस जिवंत पक्षी सोडण्यात आले व अखेर ती कोसळली. दिग्दर्शकाने आपल्याशी अतिप्रसंग केला व आपण नकार देताच आपली कारकीर्द अडवून धरली, असे तिने २०१६ साली आपल्या आत्मवृत्तात लिहिले. उत्तर देण्यास हिचकॉक तेव्हा हयात नव्हते. तथापि पडद्यावरील स्त्रीचे भय इतक्या बारकाईने जाणणाऱ्या पुरुषाने समोरच्या स्त्रीचे भय जाणू नये, हे आम्हांस क्षम्य वाटत नाही. कलेच्या श्रेष्ठत्वाने ते झाकूही नये.

सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी त्यांचे नाव पाच वेळा पुढे आले व पाचही वेळा मागे पडले. १९४० सालच्या 'रिबेका'स सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, परंतु तो निर्मात्याकडे गेला. १९५८ सालचा 'व्हर्टिगो' त्या काळी फारसा चालला नाही. तोच २०१२ साली 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षकांनी आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरविला. त्यांच्या थोरवीची प्रथम नीट ओळख पटली ती फ्रान्समधील तरुण समीक्षकांस. त्यांपैकी त्रुफो यांनी १९६२ साली घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखतीचा ग्रंथ दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा.

१९७९ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने जीवनगौरव समारंभ केला, तेव्हा प्रकृतीने खचलेल्या हिचकॉक यांनी चार व्यक्तींचे ऋण मानले : एक संकलक, एक पटकथालेखिका, आपल्या मुलीची आई आणि एक सुगरण. चौघींचे नाव एकच होते, अल्मा रेव्हिल. २९ एप्रिल १९८० रोजी लॉस एंजल्स येथील राहत्या घरी हिचकॉक यांचे देहावसान झाले व त्यांची रक्षा प्रशांत महासागरात विसर्जित करण्यात आली. अल्माबाई त्यांच्यामागे दोन वर्षे जगल्या.