कृष्णधवल अरण्याचे साक्षीदार : एम. कृष्णन

ज्येष्ठ निसर्ग अभ्यासक, लेखक आणि वन्यजीव छायाचित्रकार एम. कृष्णन यांचे १८ फेब्रुवारी १९९६ रोजी निधन झाले. कोलकात्याच्या 'द स्टेट्समन' या दैनिकात १९५० पासून ते 'कंट्री नोटबुक' हे सदर लिहीत होते आणि त्या सदराचा अखेरचा लेख त्यांच्या निधनाच्या दिवशीच प्रसिद्ध झाला. सलग ४६ वर्षे चाललेले हे लेखन भारतीय वृत्तपत्रसृष्टीत दुर्मीळ मानले जाते. या लेखनाइतकीच मोलाची आहेत ती त्यांनी लांब पल्ल्याच्या टेलिफोटो लेन्सच्या साह्याने टिपलेली वन्यप्राण्यांची कृष्णधवल छायाचित्रे.

कृष्णन यांचा जन्म ३० जून १९१२ रोजी तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथे झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. त्यांचे वडील ए. माधवैया हे सरकारी नोकरीत असूनही तमिळ साहित्यातील आद्य कादंबरीकारांपैकी एक आणि समाजसुधारक म्हणून ओळखले जात. १९२५ मध्ये वडिलांचे छत्र हरपले तेव्हा कृष्णन अवघे १३ वर्षांचे होते. पुढे त्यांच्या संगोपनाची जबाबदारी थोरल्या बहिणीने उचलली. हे कुटुंब मद्रासच्या मैलापूर भागात राहत असे. त्या काळी तेथील वस्तीलगत झुडपी रान होते आणि त्यात पक्ष्यांबरोबरच कोल्हे आणि काळविटांचाही वावर असे. निसर्गाचे पहिले धडे कृष्णन यांना मिळाले ते घराभोवतीच्या या रानात.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३१ मध्ये ते पदवीधर झाले. तेथे वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक फायसन यांच्याबरोबर त्यांनी निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांत भ्रमंती केली. फायसन यांच्या पत्नीकडून त्यांनी जलरंगचित्रणातील काही बारकावेही आत्मसात केले. परीक्षेतील यश मात्र बेताचेच असल्याने स्थिर नोकरी मिळणे अवघड झाले. लहानसहान नियतकालिकांसाठी लेख आणि रेखाचित्रे करून ते निर्वाह करू लागले.

१९४२ मध्ये त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. बळ्ळारीजवळच्या संडूर संस्थानात त्यांना नोकरी मिळाली. घोरपडे घराण्याच्या या मराठा संस्थानात त्यांनी शाळाशिक्षक, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी आणि महाराजांचे राजकीय सचिव अशा नानाविध जबाबदाऱ्या सांभाळल्या. मात्र त्यांचा खरा ओढा सभोवतालच्या डोंगररानाकडे होता. रानोमाळ हिंडणे, प्राण्यांचे निरीक्षण करणे आणि टपालासाठी कबुतरे जोपासणे यात त्यांचा बराच काळ जाई. याच घोरपडे घराण्यातील एम. वाय. घोरपडे यांनी पुढे कर्नाटकचे अर्थमंत्रिपद भूषविले आणि वन्यजीव छायाचित्रकार म्हणूनही नाव मिळवले.

१९४९ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि कृष्णन यांची नोकरी संपुष्टात आली. त्या वेळी ते ३७ वर्षांचे होते. मद्रासला परतल्यावर त्यांनी पुन्हा नोकरी पत्करली नाही. लेखन, रेखाटन आणि छायाचित्रण यांवरच उदरनिर्वाह करण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि तो अखेरपर्यंत निभावला. वन्यजीव छायाचित्रण हा तेव्हा प्रामुख्याने सधन हौशी मंडळींचा छंद होता. महागडी उपकरणे विकत घेणे कृष्णन यांना परवडणारे नव्हते. त्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला.

एका बनावटीचा कॅमेरा, दुसऱ्या बनावटीची टेलिफोटो लेन्स आणि इकडूनतिकडून जमवलेले सुटे भाग यांची जुळवाजुळव करून त्यांनी आपले उपकरण सिद्ध केले. त्याला त्यांनी 'सुपर पाँडेरोसा' असे मिश्किल नाव दिले होते. या नावातूनच त्याचे बोजडपण सूचित होत असे. कॅमेरा आणि लेन्स एकत्र धरून ठेवण्यासाठी त्यात बांबूचेही तुकडे वापरले असावेत, अशी शंका हे यंत्र पाहिलेल्या एका समकालीन निसर्ग अभ्यासकाने नोंदवून ठेवली आहे.

टेलिफोटो लेन्समुळे दूरचा प्राणी जवळ आल्यासारखा दिसतो, पण त्याबरोबर अडचणीही तितक्याच पटीने वाढतात. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सऐवजी ३०० मिलिमीटरची लेन्स चढवली, तर प्राण्याची प्रतिमा सहापट मोठी होते. हाताचा कंपही त्याच प्रमाणात मोठा होतो. म्हणूनच अशी लेन्स हातात धरून छायाचित्र घेताना शटरचा वेग सेकंदाच्या ३०० व्या भागापेक्षा कमी नसावा, असा छायाचित्रकारांचा आडाखा आहे. तेवढ्या अल्प वेळात फिल्मवर पुरेसा प्रकाश पडायचा तर लेन्सचे छिद्र मोठे ठेवावे लागते आणि छिद्र मोठे ठेवले की स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली कमी होते. डोळ्यांवर फोकस साधला तर कान धूसर होतात. वन्यप्राणी मोकळ्यावर येतात ते बहुधा पहाटे आणि सायंकाळी, म्हणजे प्रकाश सर्वांत मंद असताना. त्या काळच्या फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता आजच्या मानाने फारच कमी होती आणि फोकस साधण्याचे काम हातानेच करावे लागत असे.

प्राणीसंग्रहालयात हीच लेन्स वेगळ्या रीतीने उपयोगी पडते. तेथे लेन्स जाळीच्या अगदी जवळ नेऊन छिद्र मोठे ठेवले आणि प्राणी जाळीपासून पुरेसा दूर असला, तर जाळी धूसर होऊन चित्रातून जवळपास नाहीशी होते. शिवाय छायाचित्रकाराला दुसऱ्या दिवशीही त्याच जागी जाऊन पुन्हा प्रयत्न करता येतो. अरण्यात अंतर ठरवतो तो प्राणी. पाळीव हत्तीच्या पाठीवरून छायाचित्रण करताना तर हत्तीचा श्वासोच्छ्वासही लेन्सला हलवून जातो. मुदुमलाईच्या जंगलात अशा हत्तीवर बसून कृष्णन यांनी रानहत्तींच्या कळपांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. पायी हिंडूनही त्यांनी विपुल छायाचित्रण केले. रंगीत फिल्म सहज मिळू लागल्यानंतरही त्यांनी कृष्णधवल माध्यम सोडले नाही.

केवळ देखणे चित्र मिळवणे हा कृष्णन यांचा हेतू नव्हता. प्राण्याची चाल, कळपातील परस्परसंबंध, चरण्याची रीत आणि भोवतालची वनस्पती या सर्वांची नोंद म्हणून ते छायाचित्राकडे पाहत. लांब पल्ल्याच्या लेन्समुळे प्राण्याला न बिथरवता त्याचे स्वाभाविक वर्तन टिपता येत असे. बिथरलेल्या हत्तीचे चित्र थरारक असेल, पण त्यावरून हत्तीच्या एरवीच्या जीवनाविषयी फारसे कळत नाही.

या दृष्टीचे सर्वांत ठळक फलित म्हणजे द्वीपकल्पीय भारतातील मोठ्या सस्तन प्राण्यांचे त्यांनी केलेले सर्वेक्षण. १९६८ मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली आणि या कामाला बळ आले. १९५९ ते १९७० या काळातील निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा अहवाल मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये संमत झाला आणि व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ १९७३ मध्ये झाला. त्याआधीच्या दशकात शेती, धरणे आणि शिकार यांच्या रेट्याखाली जंगले आक्रसत असताना दक्षिणेतील प्राण्यांची स्थिती काय होती, याचा प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला दस्तऐवज म्हणून या ग्रंथाचे महत्त्व आहे.

कृष्णन यांची मते ठाम होती आणि ती मांडताना त्यांनी कोणाची भीड बाळगली नाही. परदेशी शोभेच्या वनस्पतींऐवजी देशी झाडे जोपासावीत, असा त्यांचा आग्रह होता. देशाच्या भूमीचा काही भाग मानवी हस्तक्षेपापासून पूर्णतः मुक्त ठेवावा, अशी मागणी त्यांनी सातत्याने केली. भारतीय वन्यजीव मंडळाचे सदस्य या नात्यानेही त्यांनी हा आग्रह सोडला नाही. आपल्या भूमीवरील प्राणी आणि वनस्पती यांची ओळख हा देशाच्या ओळखीचाच भाग आहे, ही त्यांच्या साऱ्या लेखनामागील धारणा होती. इंग्रजीबरोबरच तमिळमध्येही त्यांनी लेखन केले.

भारत सरकारने १९६० मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले, तर १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'ग्लोबल ५००' या सन्मानयादीत त्यांचा समावेश केला. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या निवडक लेखांचे संपादन इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी केले. त्यांची छायाचित्रे आणि लेख यांचा 'आय इन द जंगल' हा संग्रह २००६ मध्ये प्रकाशित झाला.

आज स्वयंचलित फोकस आणि कंपनरोधक यंत्रणा असलेल्या झूम लेन्स हौशी पर्यटकांच्याही हाती आल्या आहेत. एका दिवसात शेकडो छायाचित्रे घेता येतात. कृष्णन यांना प्रत्येक चौकटीसाठी फिल्म खर्चावी लागत असे आणि चित्र साधले की नाही, हे फिल्म धुतल्यावरच समजत असे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी बराच वेळ नुसते पाहत राहणे त्यांच्या कामात ओघानेच आले. त्या पाहण्यातून त्यांचे लेख उभे राहिले आणि मुदुमलाईचे ते हत्तीही कृष्णधवल चित्रांतून पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिले.