राज्यघटनेचा अभ्यासक

मुंबईच्या लोअर परळ भागात डबक चाळ नावाची एक चाळ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ हे आपल्या कुटुंबासह तेथील एका खोलीत राहत असत. खोली एकच. तीतच स्वयंपाक, तीतच निजणे आणि तीतच धाकट्या भीमरावाचा अभ्यास. त्या गलबल्यात दिवसा वाचन कसे व्हावे? म्हणून रामजी मुलाला लवकर निजवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून पुस्तकापुढे बसवीत. हेच भीमराव पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून विख्यात झाले.

ज्या जातीत त्यांचा जन्म झाला होता, तिला त्या काळी अस्पृश्य मानीत. तरीही एल्फिन्स्टन हायस्कुलातून 1907 साली ते मॅट्रिक झाले. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी या एकाग्र मुलावर पडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य त्यांना मिळाले, त्यामागे केळुसकरांची खटपट होती. 1912 साली ते बी. ए. झाले आणि 1913 च्या जुलैमध्ये महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. परंतु इतिहास, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचाही त्यांनी कसून अभ्यास केला. ज्या देशात ते शिकत होते, त्याची राज्यव्यवस्थाही अभ्यासण्याजोगीच होती. तेथील राज्यघटना 1787 साली फिलाडेल्फिया शहरी तयार झाली. इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्या त्या लोकांना एका हाती एकवटलेल्या सत्तेचे मोठे भय वाटे. म्हणून त्यांनी सत्तेचे तीन भाग पाडले. कायदे करण्याचे काम काँग्रेसकडे दिले. (ही काँग्रेस म्हणजे तेथील संसद, तिचा आपल्याकडील त्या नावाच्या पक्षाशी संबंध नाही.) तिची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात सभासद निवडले जातात, तर सिनेटमध्ये लहान असो वा मोठे, प्रत्येक राज्याचे दोनच. कायद्यांची अंमलबजावणी चार वर्षांसाठी निवडलेला राष्ट्राध्यक्ष करतो. न्यायदान न्यायालये करतात आणि संघराज्याच्या न्यायाधीशांची नेमणूक आजन्म असते.

तथापि हे तीन भाग एकमेकांपासून अगदीच तुटलेले नाहीत. काँग्रेसने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केले, तर त्याचा नकार व्यर्थ ठरतो. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षाने सुचवावेत आणि सिनेटने त्यांना मान्यता द्यावी, असा नियम आहे. घटनेशी विसंगत असलेला कायदा रद्द ठरविण्याचा आपला अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1803 साली एका खटल्यात प्रस्थापित केला. अशा रीतीने प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला आवरण्याचा लगाम आहे.

एवढी बंदोबस्ताची घटना असूनही तेथील निग्रो लोकांना, ज्यांना आज कृष्णवर्णीय म्हणतात, दीर्घकाळ न्याय मिळाला नाही. गुलामगिरी 1865 साली बंद झाली आणि 1868 साली समान संरक्षणाचे कलम घटनेत आले. पण दक्षिणेकडील राज्यांत भेदभावाचे कायदे पुढे अनेक दशके टिकून राहिले. आंबेडकरांनी हा इतिहास विसरू दिला नाही. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागविली होती.

परदेशातील शिक्षण पुरे करून 1923 साली आंबेडकर परत आले. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत त्यांचा संसार होता आणि जवळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठीच म्हणावे लागेल. 1937 च्या निवडणुकीत भायखळा-परळ विभागातून ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि विरोधी बाकांवर बसले. पुढच्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलहांसंबंधीचे विधेयक आणले. त्याने कामगारांच्या संपाच्या हक्काला बाध येतो, असे आंबेडकरांचे मत होते. सभागृहात त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संपही केला. तरी बहुमत सरकारचे होते आणि विधेयक संमत झाले.

बहुमतापुढे अल्पसंख्याकाने काय करावे, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. 1947 साली राज्ये आणि अल्पसंख्याक यांविषयी त्यांनी एक निवेदन सिद्ध केले. इंग्लंडमध्ये आजचे अल्पमत उद्याचे बहुमत होऊ शकते. भारतात बहुमत जातीवर व धर्मावर ठरले, तर ते कधीच पालटणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत पदच्युत करता येणार नाही असे कार्यकारी मंडळ असावे आणि त्याची निवड एकट्या बहुसंख्य पक्षाच्या हाती नसावी, असे त्यांनी सुचविले. त्या मंडळाच्या स्थैर्यात अमेरिकन पद्धतीची छाया स्पष्ट दिसते.

ही सूचना मान्य झाली नाही. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संसदीय पद्धतीचाच पुरस्कार केला. ऑगस्ट 1947 मध्ये आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा हा निर्णय जवळजवळ ठरून गेला होता. आता जी पद्धत आपण सुचविली नव्हती, तिचेच समर्थन त्यांना करावयाचे होते. सामान्य माणूस अशा वेळी नुसते कर्तव्य उरकतो. आंबेडकरांनी मात्र 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीपुढे मसुदा मांडताना दोन्ही पद्धतींचे वजन काट्यावर तोलून दाखविले.

लोकशाहीतील कार्यकारी मंडळ स्थिर असावे आणि जबाबदारही असावे. परंतु दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणास सापडलेली नाही, असे त्यांनी मांडले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व त्याचे मंत्री काँग्रेसचे सभासद नसतात, म्हणून काँग्रेस त्यांना सहसा पदच्युत करू शकत नाही. तेथे स्थैर्य अधिक. पण जनतेने हिशेब मागावयाचा तो मुख्यतः मुदत संपल्यावर. संसदीय पद्धतीत मंत्री सभागृहातच बसतात. प्रश्न, ठराव आणि अविश्वासाचे प्रस्ताव यांच्या द्वारा त्यांची झडती रोज घेता येते. भारताला या रोजच्या हिशेबाची गरज अधिक आहे, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मान दिला, असे त्यांनी सांगितले. पक्ष दुबळे झाले तर सरकारे वारंवार पडतील, हा तोटा त्या निवडीत होताच.

अमेरिकेकडून घेण्यासारखे मात्र घटनाकारांनी घेतले. लिखित मूलभूत हक्क घेतले आणि कायदा तपासण्याचा न्यायालयाचा अधिकारही. हक्क नुसता लिहून ठेवला तर तो कागदावरच राहतो, हे आंबेडकर जाणून होते. हक्कावर घाला आला तर नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाता यावे, असे 32 वे कलम सांगते. हे कलम काढले तर घटनेला अर्थच उरणार नाही, असे ते मानीत. 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना स्वीकृत झाली आणि 26 जानेवारी 1950 पासून तिचा अंमल सुरू झाला.

जून 1952 मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईतून लोकसभेची निवडणूक ते हरले होते. नंतर ते राज्यसभेत गेले आणि तेथे सरकारला प्रश्न विचारीत राहिले. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी राजगृहातून त्यांची अंत्ययात्रा निघाली आणि दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. भायखळ्याकडून लालबाग व परळ ओलांडून दादरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला आज त्यांचे नाव आहे.