तलवारीपेक्षा शब्दांत रमलेला मोल्सवर्थ

घरातली आजी एखादा ठेवणीतला शब्द वापरते आणि नातवंडे गोंधळून एकमेकांकडे पाहतात. असा शब्द शोधायला अभ्यासक आजही ज्या कोशाकडे वळतात, तो एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने रचला, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते.

जेम्स थॉमस मोल्सवर्थचा जन्म १७९५ चा. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत तो दाखल झाला तो मिसरूडही न फुटलेल्या वयात. पेशवाई बुडाली त्या सुमारास सोलापूरच्या छावणीत असताना त्याला मराठी शब्द टिपण्याचा छंद जडला. नंतर थॉमस कँडी हा सहकारी सोबतीला आला. पुढे या छंदाला सरकारी पाठबळ मिळाले, कँडीचा जुळा भाऊ जॉर्ज आला आणि शास्त्रीपंडितही कामाला लागले. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. पोथ्यांतल्या शब्दांबरोबरच शेतकऱ्याच्या, कोकणातल्या आणि देशावरच्या बोलींनाही त्यात मानाचे पान मिळाले.

पण मन धर्माकडे ओढले गेले होते. शिपाईगिरी ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही, असे वाटून त्याने लष्कराची नोकरी सोडली व १८३६ मध्ये तो मायदेशी परतला. मराठी मात्र सुटली नाही. १८५१ मध्ये तो पुन्हा आला आणि १८५७ मध्ये, उत्तरेत बंडाचा वणवा पेटला असताना, सुमारे साठ हजार शब्दांची सुधारित आवृत्ती निघाली.

१८७२ मध्ये त्याचे निधन झाले. ज्यांनी आपले राज्य घेतले, त्यांच्यातल्याच एकाने आपले शब्द जपले. या ऋणाची जाण ठेवायची, तर आजीचा तो शब्द आपणही वापरता ठेवायला हवा.