काचबिंदूवर पहिला उपाय शोधणारे डॉ. आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे

पाच इंद्रियांमध्ये चक्षुरिंद्रियाचे मोल वेगळे सांगावयास नको. नेत्रशिबिरांमुळे मोतिबिंदू हा शब्द आज खेड्यापाड्यांतही सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. मोतिबिंदू काढला की मंदावलेली दृष्टी परत येते आणि घरात आनंदीआनंद होतो. काचबिंदूचे तसे नाही. त्याने नेलेली दृष्टी परत मिळत नाही. उरलेली तेवढी राखता येते. निदान ही उरलेली दृष्टी तरी राखता येते, हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जगाला दाखवून देणाऱ्या थोर नेत्रवैद्याचे हे अल्प चरित्र.

आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांचा जन्म 22 मे 1828 रोजी जर्मनीतील बर्लिन येथे झाला. वडील कार्ल फर्डिनांड हे नामांकित शस्त्रवैद्य होते. हानोव्हरच्या राजपुत्राच्या डोळ्यांवर उपचार करण्यासाठी ते 1840 मध्ये तेथे गेले असता त्यांचे निधन झाले. आल्ब्रेख्ट त्या वेळी अवघे बारा वर्षांचे होते. लहान वयातच त्यांनी बर्लिन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि 1847 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, वैद्यकाची पदवी संपादन केली. पुढे प्राग, पॅरिस, व्हिएन्ना व लंडन येथे जाऊन त्यांनी त्या काळच्या श्रेष्ठ नेत्रवैद्यांकडून ज्ञान घेतले. लंडनमध्ये हॉलंडचे डॉन्डर्स आणि इंग्लंडचे बोमन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला व तो अखेरपर्यंत टिकला.

बर्लिनला परतल्यावर त्यांनी स्वतःचे नेत्ररुग्णालय सुरू केले. तेथे गोरगरिबांवर विनामूल्य उपचार होत. थोड्याच वर्षांत दूरदूरच्या देशांतून रुग्ण आणि विद्यार्थी तेथे येऊ लागले. 1854 मध्ये त्यांनी केवळ नेत्ररोगांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. ते आजही प्रसिद्ध होत आहे.

त्याच सुमारास, 1851 मध्ये, हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहता येईल असे उपकरण जगापुढे आणले होते. ग्रेफे यांनी ते तत्परतेने हाती घेतले. काचबिंदूच्या रुग्णांच्या डोळ्यांत, मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेच्या मुखाशी, त्यांना बदल दिसला. प्रारंभी ती जागा फुगल्यासारखी आहे असे त्यांना वाटले. अधिक तपासाअंती ती फुगलेली नसून वाटीसारखी खोल गेलेली आहे हे ध्यानात येताच त्यांनी आपले पूर्वीचे मत जाहीरपणे दुरुस्त केले. नस आत दबते, त्याअर्थी डोळ्यातील वाढलेला दाबच या रोगाच्या मुळाशी असला पाहिजे, या निष्कर्षावर ते आले.

हा दाब कसा वाढतो ते समजून घेणे उपयुक्त ठरेल. डोळ्याच्या पुढील भागात पाण्यासारखा स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो. त्याचे प्रमाण मिनिटाला दोन ते अडीच घनमिलिमीटर, म्हणजे एक थेंब भरण्यास वीसेक मिनिटे लागावीत इतके अल्प असते. हा द्रव बाहुलीतून पुढे येतो आणि रंगीत पडद्याच्या कडेला असलेल्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून गाळला जाऊन एका सूक्ष्म नलिकेत व तेथून रक्तात मिसळतो. आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा. तलावात येवा चालू आहे, पण पाण्याला बाहेर जाण्याची वाट मात्र बुजली आहे, अशा वेळी सारा भार पाळीवर येतो, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. डोळ्यात हा भार नाजूक नसेवर येतो आणि तिचे तंतू हळूहळू मरू लागतात.

काही रुग्णांमध्ये रंगीत पडदाच पुढे सरकून तो कोपरा बंद करतो. डोळा लाल होतो, असह्य वेदना होतात आणि काही दिवसांतच अंधत्व येऊ शकते. इतर काही रोगांत रंगीत पडद्याचा छोटासा तुकडा कापून काढल्यास डोळ्याचा ताठरपणा कमी होतो, हे ग्रेफे यांनी पाहिले होते. तोच उपाय त्यांनी काचबिंदूवर योजला. वेदना थांबल्या, दृष्टी वाचली. 1857 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय परिषदेतही मांडले. तोवर असाध्य समजल्या जाणाऱ्या रोगावर मानवजातीला मिळालेला हा पहिला खरा उपाय होता.

त्यांची थोरवी येथेच संपत नाही. व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू असाव्या लागतात. एकच बाजू लिहिली तर ती वही खोटी. ग्रेफे यांनी आपल्या शस्त्रक्रियेच्या दोन्ही बाजू लिहिल्या. वेदनेसह एकाएकी येणाऱ्या प्रकारात तिचा उत्तम गुण येतो. मात्र वेदनेविना, सावकाश वाढणाऱ्या प्रकारात तिचा भरवसा देता येत नाही, हे त्यांनी लपविले नाही. म्हणूनच पुढील पिढ्यांना नेमके काय शोधायचे राहिले आहे ते कळले.

या सावकाश वाढणाऱ्या प्रकारात कोपरा उघडाच असतो. दोष जाळीत असतो. पाणी गाळण्याचे मऊ कापड भाराबरोबर थोडे झुकते आणि पाणी सोडते. खळ धरून ताठ झालेले कापड तसे झुकत नाही. ती जाळीही डोळ्याच्या दाबाबरोबर व नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित हलत असते, आणि काचबिंदूत ती ताठर होते, असे एकविसाव्या शतकातील संशोधन सांगते. अशा डोळ्यात द्रवाला नवी वाट काढून देणे हाच शस्त्रक्रियेचा मार्ग ठरला. या कामी भारतभूमीचाही वाटा आहे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयातील डॉ. रॉबर्ट हेन्री एलियट यांनी 1909 मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या कडेला बारीक गोल छिद्र पाडण्याची पद्धत सुरू केली व ती जगभर गेली. 1968 मध्ये इंग्लंडच्या डॉ. केर्न्स यांनी वर झडप ठेवून वाट काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. सुधारित स्वरूपात ती आजही केली जाते. ग्रेफे यांच्या मूळ शस्त्रक्रियेचे काम आता पुष्कळदा लेसर किरणाने सूक्ष्म छिद्र पाडून काही मिनिटांत होते.

ग्रेफे यांना मात्र दीर्घायुष्य लाभले नाही. 1861 पासून छातीच्या विकाराने त्यांना ग्रासले आणि पुढे क्षयाने शरीर पोखरले. तशाही स्थितीत रुग्णसेवा, अध्यापन व लेखन यांत त्यांनी खंड पडू दिला नाही. 1866 मध्ये ते बर्लिन विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक झाले. फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पुकारले गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 20 जुलै 1870 रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला. 1882 मध्ये बर्लिनमध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

मृत्यूनंतरही त्यांचे कार्य लाखो डोळ्यांत तेवत आहे. परंतु सावकाश येणारा काचबिंदू आजही न दुखता, न सांगता कडेची दृष्टी आधी नेतो आणि माणसाला ते उशिरा कळते. म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढतानाच डोळ्याचा दाब व नसही तपासून घ्यावी. घरात आईवडील अथवा भावंडांपैकी कोणास काचबिंदू असल्यास ही तपासणी मुळीच टाळू नये. डॉक्टरांनी दिलेले थेंब, बरे वाटते म्हणून, आपल्या मनाने बंद करू नयेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एवढा एक नेम केला, तरी त्या थोर नेत्रवैद्याचे स्मरण सार्थकी लागेल.